लेखणीचे इमान

॥ श्री ॥

हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना
कार्तिक शुद्ध दशमी

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पावले. महाविद्यालयाच्या अडगळीत पडलेले भूकंपलेखक यंत्र तू झाडूनपुसून पुन्हा उभे केलेस, त्याचा ढोल संथ फिरू लागला, पण मूळच्या लेखण्या वाळलेल्या शाईने कायमच्या बुजल्या आहेत आणि तशा आता कोणी बनवीत नाही, तेव्हा त्यांच्या जागी काय योजावे, असे तू विचारतोस. हा प्रश्न वाचून मला मनापासून संतोष झाला. कारण यंत्रशाळेतील माझ्या साऱ्या नोकरीत मी हेच पाहिले की, लोक दोलकाची आणि विद्युत्‌मंडलाची चिंता रात्रंदिवस वाहतात आणि ज्या टोकातून सारे ज्ञान कागदावर उतरायचे, त्या टोकाची आठवण त्यांना शाईचा डाग पडल्यावर होते.

तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, निजामी अमलात पटवारी होते. त्यांच्या दप्तरात बोरू, दौत आणि बोरू तासण्याची सुरी नित्य असे, आणि लहानपणी त्यांच्याजवळ बसून मी बोरू तासायला शिकलो. बोरूच्या तिरप्या कापलेल्या टोकाला ते मधोमध एक बारीक चीर देत. चीर रुंद झाली तर शाई ओघळते, अरुंद राहिली तर अक्षर कोरडे पडते, हे त्यांनी मला शिकविले, तेव्हा ना त्यांना केशाकर्षण हा शब्द ठाऊक होता, ना मला. पण शाई आपल्या भाराने नव्हे, तर अरुंद वाटेच्या ओढीने पुढे येते, हे तत्त्व त्या चिरेत पुरतेपणी होते. तू जी लेखणी करणार आहेस ती याच बोरूची धाकटी बहीण आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग शक्यतो हात न उचलता लिहीत जाई. तुझ्या लेखणीला तर हात मुळीच उचलता येणार नाही. कागदाचा घेर ९० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ६० मिलिमीटर असेल, तर ढोलाचा एक फेरा पंधरा मिनिटांत होतो, दिवसाचे ९६ फेरे होतात, आणि त्या एका टोकाला अहोरात्रात ८६ मीटर ४० सेंटिमीटर लांबीची अखंड रेषा ओढावी लागते. बाजारातील साधी लेखणी येथे का थकते, हे यावरून तुझ्या ध्यानी येईल.

आता कृती सांगतो. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची २६ क्रमांकाची नवी, बंद पाकिटातील सुई आण. वापरलेल्या सुईला हातही लावू नकोस. तिचा बाहेरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी आणि आतले छिद्र सुमारे पाव मिलिमीटर असते. तिचे तिरपे धारदार टोक कागद फाडील. म्हणून ते कुरुंदाच्या बारीक दगडावर, सुई अगदी उभी धरून, सपाट होईपर्यंत घास आणि मग अतिसूक्ष्म पॉलिश पेपरवर कडा गोल कर. घासताना छिद्राच्या तोंडाशी धातूचा कीस साचतो. विजेच्या लवचीक वायरीतला केसासारखा एक तांब्याचा तंतू आतून ओवून तो काढून टाक, आणि अखेर नखावर टोक फिरवून पाहा. जे टोक नखाला खरवडते ते कागदाला सोडणार नाही. सुईचे मागले अंग सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या लहानशा तुकड्याने शाईच्या कुपीला जोड. हे न साधले, तर स्केचपेनचे तंतुमय टोक नळीत बसवून काम भागते. ते गळत नाही हा त्याचा गुण, आणि झिजून रेषा जाड करीत जाते व कागदाला अधिक घासते हा त्याचा दोष.

कुपी कोठे बसवावी, यातच निम्मे यश आहे. स्वच्छ काचेच्या एवढ्याच छिद्राच्या नळीत पाणी आपोआप दहा-अकरा सेंटिमीटर चढते, म्हणून शाईला उंचावरून ढकलण्याची गरज नाही. कुपीतील शाईची पातळी टोकाच्या पातळीहून थोडी खालीच ठेव. ती वर गेली की शाई ओढली न जाता वाहू लागते आणि पहाटे तू ढोलाशी जाशील तेव्हा रेषेऐवजी तळे दिसेल. शाई फाउंटनपेनची, रंगद्रव्य पूर्ण विरघळलेली घे. काजळीची चित्रशाई या कामी वर्ज्य समज, तिचे कण छिद्र बुजवितात. आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात टोकावरची शाई पाहता पाहता वाळते, तेव्हा तिच्यात ग्लिसरीनचे काही थेंब घालावेत. श्रावणात तोच कागद ओल धरतो आणि रेषा पसरते, तेव्हा ते कमी करावेत. प्रमाण माझ्या सांगण्यावरून न ठरविता ऋतुमानाने ठरव, आणि जे ठरेल ते वहीत लिही.

याहून मोठा शत्रू घर्षण आहे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे वीखेर्ट या शास्त्रज्ञाने काजळी धरलेल्या कागदावर ओरखडा काढणारे यंत्र केले, तेव्हा टोकाच्या घर्षणावर मात करण्यासाठी त्याला एका यंत्रात १७ टनांचे वजन टांगावे लागले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिल्न या भूकंपशास्त्रज्ञाच्या बनावटीचे यंत्र बसले, त्यात लेखणीऐवजी प्रकाशाचा कवडसा छायाचित्राच्या कागदावर लिहीत असे. प्रकाशाला घर्षण नाही, पण कागद अंधाऱ्या खोलीत धुतल्यावाचून वाचता येत नाही. आणि १८६७ साली विल्यम टॉमसन यांनी सागरतळातील तारांचे क्षीण संदेश टिपण्यासाठी काचेच्या वक्रनलिकेची जी लेखणी केली, तिच्या शाईला विद्युत्‌भार देऊन ते टोक कागदाला न टेकवताच तिचे तुषार उडविले. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसांनी ज्याचा धाक बाळगला, ते घर्षण तू क्षुल्लक मानू नकोस. त्याची परीक्षा सोपी आहे: ढोल थांबवून लेखणीची भुजा बोटाने अगदी किंचित उजवीकडे सारून सोड, मग डावीकडे सारून सोड, दोन्ही वेळा टोक एकाच जागी परतले तर ठीक, न परतले तर जितके अंतर राहिले तितका भूकंप तुझी लेखणी गिळते असे समज, आणि भुजेच्या मागल्या टोकाला मेणाची लहानशी गोळी लावून कागदावरचा भार कमी कर.

एवढ्याशा कंपनाने काय बिघडते, असे तुझ्या मनात येईल, म्हणून सांगतो. कोयनेचा जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि त्या मुलखात जमिनीचे लहान लहान हादरे जाणवू लागले. म्हणून तेथे भूकंपलेखक बसविण्यात आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो मोठा भूकंप झाला त्याची नोंद तर जगभर झाली. परंतु जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध शोधणाऱ्यांना त्या आधीच्या वर्षांतील बारीक थरथरींच्या नोंदी तितक्याच मोलाच्या ठरल्या. आणि किल्लारी तर आपल्या येथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, तेथील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. त्या परिसरातही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, जमीन हादरली होती. मोठा आघात कोणतीही लेखणी लिहिते. लेखणीची कसोटी लहान हादऱ्याच्या वेळी, आणि त्याहूनही काहीच न घडणाऱ्या दिवशी असते. कारण जिची शांत रेषा विश्वसनीय नाही, तिच्या थरथरीवर कोण विश्वास ठेवील?

यासंबंधी माझ्या उमेदवारीतील एक चूक तुला सांगून ठेवतो. मीच केलेली एक लेखणी एके रात्री कोरडी पडली आणि कागदावर तीन तासांची जागा कोरी राहिली. शेजारच्या यंत्राने त्या वेळात काही टिपले नव्हते; तेव्हा तेवढ्या सरळ रेषा हाताने ओढून टाकाव्यात, असे माझ्या मनात आले आणि मी पट्टी हातात घेतलीही. आमचे वरिष्ठ मागे उभे होते. ते रागावले नाहीत. त्या कोऱ्या जागेत तारीख, वेळ, ‘शाई आटली’ हे कारण आणि माझी सही, एवढेच त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतले. त्या क्षणी मला आजोबांचे दप्तर आठवले. कागदावर चुकलेला आकडा ते कधी खरवडीत नसत. त्यावर एक आडवी रेघ मारून वर खरा आकडा लिहीत आणि समासात सही करीत. रयतेची जमीन त्या आकड्यावर अवलंबून होती. चूक दिसली तरी दस्तऐवज खरा राहतो, चूक झाकली की तो खोटा होतो, हा त्यांचा शिरस्ता होता आणि तोच पुढे माझा झाला.

म्हणून, बाळ, लेखणी नवी केलीस की त्या दिवसाच्या कागदावर तसे लिही. सुईचा क्रमांक, शाईचे प्रमाण, भार केव्हा बदललास, हे सारे तारीखवार नोंदव. तू योजलेले साधन मूळचे नाही, पर्यायी आहे, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. ते पर्यायी आहे हे पुढच्या वाचणाऱ्याला न कळणे, यात मात्र अपराध आहे. उत्तम लेखणी आपल्या पदरचे काही लिहीत नाही आणि जमिनीचे काही राखून ठेवीत नाही; ती करणाऱ्या कारागिरानेही तसेच असावे.

पहिल्या चोवीस तासांचा कागद मला पाठव. त्यावर भूकंप असावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. शहाण्णव रेषा अखंड आणि सारख्या असतील, तर मला सर्व काही वाचता येईल. आणि एखादी तुटली असेल, तर तिच्यापुढे तुझी सही असू दे.

तुझ्या आईस आशीर्वाद सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा