आहुप्याची देवराई आणि विजेचा दिवा

(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल, नागरिकशास्त्र व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू

वीज ही सर्वांस हवी आहे आणि डोंगरही सर्वांस हवा आहे. या दोन गरजांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या काळातील एक कठीण प्रश्न आहे. ‘वीज वाईट, रान चांगले’ किंवा ‘रान मागासलेले, वीज पुढारलेली’ असे सोपे उत्तर विद्यार्थ्यांच्या हाती देणे हा या पाठाचा हेतू नव्हे. दोन्ही बाजू समजून घेऊन त्यांनी स्वतः विचार करण्यास शिकावे, एवढाच हेतू आहे.

परिसर

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटतो आणि आहुपे घाटाची वाट ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात उतरते. पूर्वेच्या अंगास घोड नदीचा उगम आहे. हीच नदी पुढे डिंभे धरणात अडविली जाते व अखेरीस भीमेस मिळते. गावातील वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची असून पावसाळ्यातील भातशेती आणि रानातील हिरडा हे तिचे आधार आहेत.

आहुप्याची देवराई प्रसिद्ध आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानास देवराई म्हणतात. तेथे कुऱ्हाड चालवू नये, हा पूर्वापार दंडक. तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता; गावाने तो घातला आणि गावानेच पाळला. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. आजूबाजूचे रान तुटले तरी देवाच्या धाकाने राखलेल्या या तुकड्यांत जुनी झाडे व वेली टिकून राहिल्या, ही गोष्ट त्या अभ्यासाने जगापुढे आली.

विज्ञानाचा भाग

देवराईत पाऊल टाकताच पायाखाली मऊ पाचोळा लागतो. पावसाचा थेंब प्रथम पानांवर पडतो, तेथून पाचोळ्यावर उतरतो आणि मग सावकाश जमिनीत मुरतो. उघड्या उतारावर तोच थेंब मातीवर आपटतो आणि माती घेऊन खाली धावतो. म्हणून राईखालचे झरे पावसाळा सरल्यावरही काही काळ वाहत राहतात, तर बोडक्या डोंगराखालचे ओढे लवकर आटतात.

राईचे दुसरे कार्य डोळ्यांस दिसत नाही. झाडे हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतात आणि त्यातील कार्बन लाकडात व मातीत साठवितात. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचाच साठा. तो जाळला की तो वायू पुन्हा हवेत जातो. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून तयार होतो. या वायूच्या वाढीमुळे पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, त्यामुळे थोड्या वेळात फार मोठा पाऊस कोसळण्याचा धोका वाढतो.

अतिवृष्टी म्हणजे काय, हे आंबेगाव तालुक्यास निराळे सांगावयास नको. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. मोठा पाऊस, डोंगराची घडण आणि उतारावर झालेली कामे यांपैकी कशाचा किती वाटा होता, याची चर्चा तज्ज्ञांत पुष्कळ झाली. एका घटनेचे खापर एकाच कारणावर फोडणे शास्त्रास धरून होत नाही. वर्गात एखाद्याच्या नात्यातील माणूस त्या दिवशी गेलेले असण्याचा संभव आहे, हे ध्यानी ठेवून शिक्षकाने हा भाग हळुवारपणे शिकवावा.

शासनाचे धोरण

कोळशाचा वापर कमी करून सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज घ्यावी, हे भारत सरकारचे धोरण आहे. २००८ मध्ये हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांखेरीज अन्य साधनांची झाली. ही प्रगती मोठी आहे. मात्र क्षमता व प्रत्यक्ष निर्मिती यांत भेद आहे, हे विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. सूर्य रात्री नसतो आणि वारा सदैव वाहत नाही. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजूनही अधिक आहे.

दोन उदाहरणे

स्वच्छ वीजही कोठे तरी जागा व्यापतेच. ती जागा कोणाची, हा प्रश्न पुणे जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. मुंबईस वीज पुरविण्यासाठी मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरले. मावळातील शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी व घरे त्यात बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व तुरुंगवास सोसला. धरण झालेच, परंतु ज्यांची जमीन जाते त्यांना विचारले कोणी, हा प्रश्न मागे उरला.

दुसरे उदाहरण अलीकडचे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. शेकरू हे तेथील भूषण. या अभयारण्यानजीक, खेड तालुक्यातील डोंगरांवर पवनचक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला. वाऱ्यापासून वीज मिळविण्यात धूर नाही, राख नाही. परंतु एवढी अवजड यंत्रे माथ्यावर चढविण्यासाठी डोंगर कापून रुंद रस्ते करावे लागले. केंद्र सरकारने २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाविषयी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रकल्पाचा उल्लेख आहे. वनविभागाच्याच अंदाजाने सुमारे २८,००० झाडे गेली, उतारावरील राडारोडा शेतांत व जलाशयांत उतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या लोकांस त्यांच्याच डोंगरावर वावरण्यास अटकाव झाला, असे समितीने नोंदविले. तेथील वनक्षेत्रपालाने हे रान सदाहरित असून त्यात शेकरू आहे, तेव्हा प्रकल्पास मंजुरी देऊ नये, असे आधीच कळविले होते. त्याचा अभिप्राय वरिष्ठांनी मानला नाही.

गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे संवेदनशीलतेनुसार भाग पाडावेत आणि निर्णयांत ग्रामसभांस स्थान असावे, असे सुचविले. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये दुसरा अहवाल दिला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी वर्षे लागण्याचे कारणही विद्यार्थ्यांस सांगावे. निर्बंध आले तर आपले घर, शेत व रोजगार अडेल, अशी भीती अनेक गावांनी व्यक्त केली. ती भीतीही ऐकून घेण्यासारखी आहे.

नागरिकशास्त्राचा भाग

आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार दिले असून भूसंपादनापूर्वी तिचा विचार घेणे आवश्यक केले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क गावास मिळू शकतो. देवराई राखताना गावाने जे पूर्वीपासून केले, त्यालाच येथे कायद्याचे बळ मिळाले आहे. परंतु कायदा कागदावर असून भागत नाही. ग्रामसभेत बसणाऱ्यास नकाशा वाचता आला पाहिजे, आकडे पडताळता आले पाहिजेत आणि न भिता प्रश्न विचारता आला पाहिजे. आज पाचवीत बसलेला मुलगा किंवा मुलगी अवघ्या सात-आठ वर्षांत त्या सभेचा सभासद होणार आहे. त्यांची तयारी शाळेतच व्हावयाची आहे.

उपक्रम

१. पत्र्याचे दोन पसरट डबे घेऊन त्यांत सारखी माती भरावी. एकावर पाचोळा पसरावा, दुसरा उघडा ठेवावा. दोन्ही तिरपे ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे. खाली जमणाऱ्या पाण्याचा रंग व माप विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे.

२. गणित : ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत किती युनिट वीज वाचेल? (उत्तर : ७.६५ युनिट.) वर्गातील सर्व घरांचा हिशेब मांडावा.

३. गावातील वडीलधाऱ्यांस विचारून देवराईचे नियम लिहून आणावेत. राईत जाताना गावाची रीत पाळावी. फांदी, फूल वा पान तोडून आणू नये.

४. वर्गात ग्रामसभा भरवावी. ‘आपल्या डोंगरावर पवनचक्की यावी काय?’ हा विषय ठेवावा. काहींनी कंपनीची, काहींनी वनविभागाची, काहींनी गावकऱ्यांची व काहींनी अंधारातील वाडीची बाजू मांडावी. शिक्षकाने निकाल सांगू नये. प्रत्येक बाजूने दिलेली कारणे मात्र फळ्यावर लिहावीत.

स्वाध्याय

१. देवराईखालचा झरा अधिक काळ का वाहतो?

२. पवनचक्कीचा एक लाभ व एक हानी सकारण लिहा.

३. मुळशीच्या शेतकऱ्यांचा व खेडच्या डोंगरावरील लोकांचा प्रश्न कोणत्या बाबतीत सारखा आहे?

पाठ संपविताना विद्यार्थ्यांस एवढेच सांगावे की, घरातील दिवा लागतो तेव्हा कोठल्या तरी डोंगराचा, नदीचा किंवा खाणीचा त्यात वाटा असतो. त्या वाट्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे म्हणजे प्रगतीस विरोध करणे नव्हे. तो सुजाण नागरिकाचा धर्म आहे.