मधमाशीपालनास शासनाचे साहाय्य व शेतकऱ्यांचे कर्तव्य

मधमाशी ही केवळ मध देणारा कीटक नव्हे. सूर्यफूल, मोहरी, काकडी, भोपळा, तसेच कांद्याचे बियाणे यांची फलधारणा मोठ्या प्रमाणात तिने केलेल्या परागसिंचनावर अवलंबून असते. हे जाणून केंद्र शासनाने २०२० साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे अभियानाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. प्रशिक्षण, मधाची तपासणी, साठवण व विक्रीव्यवस्था यांस त्यातून साहाय्य देण्यात आले.

तथापि, अनुदानातून पेटी मिळाली तरी तीतील वसाहत टिकविणे गावाच्याच हाती असते. ऐन फुलोऱ्यात दिवसा कीटकनाशक फवारल्यास कामकरी माश्या शेतातच मरतात. त्यामुळे मधपाळाची पेटी ओस पडते आणि फवारणाऱ्याच्या सूर्यफुलातही दाणे पोकळ राहतात. यास्तव फुलोऱ्यात फवारणी टाळावी. ती अनिवार्यच असल्यास सूर्यास्तानंतर, माश्या पेटीत परतल्यावर करावी आणि शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे. म्हणजे त्यास पेट्या हलविता येतील.

ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी एवढी माहिती घरोघर पोहोचविली, तरच शासनाचे साहाय्य सार्थकी लागेल.