गरोदरपणात छाती दुखली तर

कुरुंद्याच्या वस्त्यांमध्ये गरोदर बायांशी बोलताना पोटाचे, कंबरेचे, पायावरच्या सुजेचे दुखणे आम्हाला लगेच ऐकायला मिळते. छातीचे दुखणे मात्र लाजेने पदराआडच राहते. म्हणून आज त्याबद्दल.

दिवस गेल्यावर दोन्ही स्तन भरून येतात, जड होतात, धक्का लागला तरी दुखतात. बोंडे काळसर होतात. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर थोडा पिवळसर चीकही येऊ शकतो. ही बाळाच्या दुधाची तयारी आहे, आजार नव्हे. आधार देणारे सुती कपडे घालावेत. चीक पिळून काढू नये.

पण एकाच बाजूला ठणका, कडक गाठ, बोंडातून पू किंवा रक्त, थंडी वाजून ताप (100.4 फॅरनहाइट किंवा जास्त) यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. हाताची मागची बाजू दोन्हीकडे लावून पाहा. एक बाजू जास्त गरम लागली, तर तीही जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

हळद आपल्या वसमत भागाचे पीक, म्हणून घरात आधी लेप लागतो. आत पू झाला असेल तर लेप तिथवर पोचत नाही, उलट पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाते. गरम विटेने शेकणे, दाबणे, सुईने फोडणे नको. वेळेत गेल्यास बहुधा गोळ्यांवर भागते. उशीर झाला तर पू काढावा लागतो, आणि अंगात मुरलेला ताप आई व बाळ दोघांनाही धोक्याचा.

मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. गरोदरपणात डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. बाळाला चालणारी औषधे आहेत. सोनोग्राफीही सुरक्षित आहे. औषधाने न विरणारी गाठ, आत ओढलेले बोंड, संत्र्याच्या सालीसारखी कातडी दिसली, तर 'बाळंतपणानंतर बघू' म्हणू नका. कॅन्सर किंवा क्षयाची तपासणी तेव्हाच व्हावी.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. ताप असेल तर त्या तारखेची वाट पाहू नका. 102 किंवा 108 वर गाडी मागवा. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना नर्सबाई किंवा आशाताई जवळ हवी, असे सांगा. तो तुमचा हक्क आहे.

सासूबाईंनी आणि नवऱ्याने एवढे करावे: सुनेला, बायकोला स्वतःहून विचारावे. लाजेपायी दुखणे वाढू देऊ नये.