शहराचा मानवी हक्क आयोग : सिएटलचा अनुभव

मानवी हक्क आयोग म्हटले की निवृत्त न्यायमूर्ती, सुनावणी आणि नोटिसा असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. १९९३ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या आपल्याकडील आयोगांचे स्वरूप बहुतांशी तसेच आहे. अमेरिकेत मात्र अनेक शहरांना स्वतःचा आयोग असून त्यांपैकी बहुतेकांचे सदस्य शहरातील सामान्य रहिवासी असतात. ते वेतन न घेता काम करतात आणि शिक्षा करण्याचा अधिकार त्यांना नसतो. अशा आयोगाचा उपयोग काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातील सिएटल शहराचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांना मध्यवर्ती वस्तीबाहेर घर मिळणे जवळजवळ अशक्य होते. अनेक भागांतील खरेदीखतांतच तशी अट घातलेली असे. अशा अटी न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तथापि घरमालक आणि दलाल यांचा व्यवहार पूर्ववतच राहिला. जुलै १९६३ मध्ये तरुणांनी महापौरांच्या कार्यालयात धरणे धरले आणि त्याच महिन्यात मानवी हक्क आयोग अस्तित्वात आला. घरांच्या विक्रीत व भाड्यात भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या नियमाचा मसुदा तयार करणे, हे त्याचे पहिले काम होते.

मसुदा तयार झाला आणि नगर परिषदेने तो मतदारांपुढे ठेवला. मार्च १९६४ मध्ये मतदारांनी तो दुपटीहून अधिक मतांनी फेटाळला! स्वतःच्या मालमत्तेवरील हक्क जाणार, या भीतीचा प्रचार घरोघरी पोहोचला होता. मसुद्याचा आशय मात्र तितक्या घरांत पोहोचला नव्हता, असेच म्हणावे लागते. नंतरच्या काळात स्वयंसेवकांनी चिकाटीने काम केले. कोणालाही घर विकण्यास तयार असलेल्या मालकांची यादी त्यांनी ठेवली, खरेदीदारांना तेथे नेले आणि शेजाऱ्यांशी बोलणी केली. १९६७ मध्ये सॅम स्मिथ हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य नगर परिषदेवर निवडून आले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच परिषदेने तो नियम एकमताने संमत केला.

आज तक्रारींची चौकशी महापालिकेचे पगारी नागरी हक्क कार्यालय करते. आयोग महापौरांना व परिषदेला सल्ला देतो, नागरिकांना खुल्या असलेल्या बैठका घेतो आणि वस्त्यांतील गाऱ्हाणी समजून घेतो. हे दुसरे काम दुय्यम वाटेल. पण त्यावाचून पहिले चालत नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या परिषदेने भेदभावाच्या निषिद्ध कारणांत जातीचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होय. हा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या आहेत. ठराव सहा विरुद्ध एक मताने संमत झाला, त्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या नागरिकांनी परिषदेपुढे आपले म्हणणे मांडले. आता प्रश्न आहे तो तक्रारीचा. आडनाव विचारणे, गाव विचारणे, घरी काय शिजते याची चौकशी करणे, यांत काय दडलेले असू शकते हे आपल्याकडील शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. परदेशातील चौकशी अधिकाऱ्याला ते कोणी तरी सांगावे लागते. आणि ज्याने हे सोसले, त्याला कार्यालयापर्यंत येण्याचे धैर्यही कोणी तरी द्यावे लागते.

आपल्याकडेही परिपत्रके फलकावर लागतात. ती वाचतो तो बहुधा आधीच कचेरीत येणारा माणूस. वस्तुतः १९९३ च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार मानवी हक्कांविषयी साक्षरतेचा प्रसार करणे हे आयोगाच्या कर्तव्यांपैकी एक आहे. लोकसेवकाकडून हक्कांचे उल्लंघन झाल्यास घटनेपासून एक वर्षाच्या आत महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि ती टपालानेही पाठविता येते. पुढील ग्रामसभेत सरपंचांनी किंवा शिक्षकांनी एवढी माहिती मोठ्याने वाचून दाखविण्यास पाच मिनिटेही लागणार नाहीत.