सिमेंटशिवाय खुबा कसा टिकतो?

पावसाळा संपल्यावर रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आमची आरोग्याची बैठक झाली. विषय होता रक्तातील साखर. पण बैठक उठता उठता मुंबईहून आलेल्या एका मुलाने विचारले, "आयेचा खुबा बदलायचा आहे. डॉक्टर बोलले, सिमेंट लावणार नाही. वाटी जाळीची आहे, मशीनवर छापलेली. सिमेंट नाही तर ती टिकणार कशी? आणि छापलेली वस्तू अंगात घालायची?" दोन-चार जण हसले. आम्हांला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. घरातल्या माणसाच्या अंगात जन्मभरासाठी काय बसणार, हे विचारायलाच हवे. त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून उत्तर या पानावर देत आहोत.

आपल्या वाडीतला कोणताही गवंडी याचे अर्धे उत्तर देईल. जांभ्याच्या चिऱ्यावर गिलावा चटकन धरतो, कारण चिरा छिद्राछिद्रांचा असतो. काळ्या गुळगुळीत दगडावर तोच गिलावा धरत नाही, दगडाला आधी टाके मारावे लागतात. जुन्या गडग्यात उंबराचे मूळ शिरते तेही त्या छिद्रांतूनच. मग मूळ आणि दगड वेगळे करता येत नाहीत. हाड आणि धातू यांचे तसेच आहे. फरक एवढाच की गिलावा निर्जीव आणि हाड जिवंत. आपल्या हाडात जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या पेशींचे काम रात्रंदिवस चालू असते. धातूला योग्य छिद्रे असली आणि तो हलला नाही, तर नवे हाड त्या छिद्रांत वाढते आणि वाटीला धरून ठेवते. याला साधारण दीड ते तीन महिने लागतात, पुढे ती पकड आणखी पक्की होत जाते.

पण कुठलाही धातू चालत नाही. स्वीडनचे डॉ. ब्रानेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करीत होते. त्यांनी बसवलेले टायटॅनियमचे भाग काम झाल्यावर निघेनात, कारण हाडाने त्यांना घट्ट धरले होते. १९६५ साली त्यांनी एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमवर दात बसवले. हा टायटॅनियम आपल्याला अगदीच परका नाही. काळबादेवी-मिऱ्याच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते आणि त्यात लोखंडाबरोबर टायटॅनियम असतो. इंग्लंडमध्ये १७९१ साली या धातूचा शोध लागला तोही अशाच काळ्या वाळूत. (वाळूपासून धातूपर्यंतची वाट फार लांब आणि खर्चाची आहे, म्हणून किनाऱ्यावर जाऊन पोती भरू नयेत!)

आता छिद्रे किती मोठी असावीत? इथे खरी कारागिरी लागते. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा लहान छिद्रात हाड नीट शिरत नाही, कारण हाडाबरोबर बारीक रक्तवाहिनीही आत जावी लागते. म्हणून सांधे बनवणारे बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटरची छिद्रे ठेवतात. बारीक रव्याचा दाणा जाईल एवढी. छिद्रे एकमेकांना जोडलेलीही हवीत. जांभ्यातून पाणी पाझरते ते आतल्या वाटा जुळलेल्या असतात म्हणून. आंधळ्या भोकात रक्त पोहोचत नाही. छिद्रे फार मोठी केली तर हाडाला धरायला पृष्ठभाग कमी उरतो आणि जाळीही कमजोर होते.

जाळीचा दुसरा फायदा कमी लोक सांगतात. भरीव टायटॅनियम आपल्या घट्ट हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतो, कोबाल्ट-क्रोमियम तर दहा पटींहून अधिक. इतका ताठ भाग बसवला की शरीराचा भार तोच उचलतो आणि बाजूचे हाड रिकामे बसते. काम नसलेले हाड शरीर ठेवत नाही. प्लास्टरमधून काढलेला हात कसा बारीक झालेला असतो, तसेच हे आतल्या आत होते. जाळी भरीव धातूपेक्षा लवचिक असल्याने हाडालाही भार मिळतो. मग सगळाच सांधा जाळीचा का करीत नाहीत? कारण चालता माणूस एका पायावर वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावले टाकतो आणि बारीक काड्या वारंवार दाबल्या की थकून तुटतात. म्हणून हाडाकडच्या बाजूला साठ ते ऐंशी टक्के पोकळ जाळी आणि आत भरीव धातू अशी रचना करतात.

पूर्वी भरीव वाटीवर धातूचे बारीक मणी किंवा तारांची जाळी तापवून चिकटवत. ती पद्धत आजही आहे आणि अनेक वर्षे चांगली टिकलेली आहे. छपाईत मात्र जाळी आणि भरीव भाग एकाच तुकड्यात तयार होतात. टायटॅनियमच्या भुकटीचा केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून पातळ थर पसरायचा, लेसरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. अशी छापलेली वाटी इटलीत २००७ साली पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली. यात एक मेख आहे. न वितळलेली भुकटी जाळीत अडकून राहते आणि ती कण न् कण काढावी लागते, नाहीतर सुटून अंगात फिरेल. म्हणून वस्तू कोणी बनवली आणि कोणी तपासली हे महत्त्वाचे. नुसते 'छापलेली' म्हणून ती चांगलीही नाही आणि वाईटही नाही.

सिमेंट म्हणजे जुनाट असाही समज नको. हाड फार ठिसूळ असलेल्या वयस्कर माणसाला सिमेंट अनेकदा अधिक सुरक्षित असते आणि गुडघ्याचे बहुतेक सांधे आजही सिमेंटनेच बसवतात. जाळीची खरी गरज तरुण रुग्णाला, सांधा दुसऱ्यांदा बदलताना किंवा हाडच उरले नसेल तेव्हा. तरुणाचा खुबा का जातो? दारू, स्टेरॉइड, आणि सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा मरतो. तिकडे सोयरिक असेल, तर तरुणाच्या जांघेतल्या दुखण्याला 'वात' म्हणून मालिश करीत बसू नका, फोटो काढा.

हाड जाळीत शिरायला एकच कडक अट आहे: सुरुवातीला वाटी हलता कामा नये. मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंतची हालचाल हाड सोसते. सातव्या भागाइतकी झाली तर हाडाऐवजी मऊ दोरीसारखे ऊतक भरते आणि वाटी कायमची सैल राहते. म्हणूनच सर्जन वाटी पाचरीसारखी घट्ट ठोकून बसवतात आणि म्हणूनच वॉकर केव्हा सोडायचा, उकिडवे बसायचे की नाही, लावणीला उतरायचे की नाही, हे तेच ठरवतील. शेजारीण पंधरा दिवसांत चालली म्हणून आपण चालायचे नाही. मशेरी आणि विडी या काळात तरी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्ताशिवाय हाड वाढत नाही. दातात पू किंवा पायाला चिघळलेली जखम असेल तर ती शस्त्रक्रियेआधी दाखवा; जंतू धातूवर बसला की त्याला हुसकणे फार अवघड.

आता कागदाची गोष्ट, आणि ती आम्ही मुद्दाम लांबवतो. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा २०१० साली जगभरातून परत घेतला गेला. त्याची हाडाकडची बाजू खडबडीतच होती, पकड धरण्यासाठी. दोष होता सांध्याच्या आत: धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात जात होते. भारतात असे खुबे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसले होते. पुढे केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने पाहिले तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागेना. कोणाच्या अंगात काय आहे, हे त्यांना कळवणार कसे? म्हणून शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि बॅच क्रमांक असतो. डिस्चार्ज कार्डावर तो चिकटवलेला आहे का ते निघण्यापूर्वी पाहा, फोटो काढून मुलांच्या मोबाइलवर पाठवा.

पैशाचेही विचारा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. ती मर्यादा गुडघ्यासाठी होती, खुब्यासाठी नव्हे. म्हणून खुब्याच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, आगाऊ रक्कम भरल्यानंतर नव्हे.

त्या मुलाने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आमच्याकडून लिहून नेले आहेत: वाटी सिमेंटची की जाळीची आणि का, आत घासणारे पृष्ठभाग कशाचे, कंपनी कोणती, किंमत किती, वॉकर किती आठवडे. हाच कागद तुम्हीही नेऊ शकता.