भित्रे पिल्लू घरी आणताना



आपल्या वर्गात बऱ्याच जणांच्या घरी कुत्रा आहे. तो कोणी आणला असे विचारले तर सगळे म्हणतात, "तो आपोआप आला." आमचा वाघ्या आपोआप आला नाही. त्याला आम्ही अटी कबूल करून पारोळ्याहून आणला. म्हणून गुरुजी मला म्हणाले, "तू यावर लिही."

पारोळा गाव धुळे-जळगाव महामार्गावर आहे. तिथे माझी मावशी राहते. महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. अशाच एका ट्रकखाली एक कुत्री मेली आणि तिचे पिल्लू रस्त्याखालच्या मोरीत एकटे राहिले. मावशीने दोन दिवस तिथेच भाकरी टाकली. तिसऱ्या दिवशी त्याला पोत्यात घालून घरी आणले. तिच्याकडे आधीच दोन कुत्रे आहेत, म्हणून ती म्हणाली, "चांगले घर मिळेपर्यंत मी सांभाळते." गुरांच्या डॉक्टरांनी दात पाहून वय दोन महिन्यांच्या वर सांगितले आणि जंताचे औषध दिले.

आम्ही आणायला गेलो तेव्हा मावशीने आबांना तीन गोष्टी कबूल करायला लावल्या. मारायचे नाही. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्यायची. आणि नाही जमले तर माझ्याकडे परत आणायचे, रस्त्यावर सोडायचे नाही. गुरुजी सांगतात की पाळलेल्या जनावराला उपाशी मरेल असे सोडून देणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. आबांना मळ्यात राखणीला कुत्रा पाहिजे होता, कारण रानडुकरे मका खातात. त्यांनी नावसुद्धा वाघ्या ठेवले. पण हा वाघ्या पहिल्याच दिवशी आमच्या कोंबडीला भिऊन धान्याच्या कोठीमागे घुसला. सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

आता तो इतका भित्रा का, ते सांगते. कुत्र्याची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. दोन आठवड्यांनी उघडतात. त्यानंतर तीन महिन्यांची होईपर्यंत ती शिकतात की कोण आपले, कोणापासून पळायचे. या दिवसांत माणसाचा हात लागला तर माणूस आपला वाटतो. वाघ्याने या दिवसांत मोरी पाहिली आणि ट्रकचे आवाज ऐकले. त्यात त्याची काय चूक?

आमच्या मात्र दोन चुका झाल्या. पोळा झाल्यावर आम्ही त्याला आणले आणि चारच दिवसांनी गणपती बसले. गल्लीत ढोल वाजायला लागले. नवीन पिल्लू आणायचे तर घरात लग्न, सण, पाहुणे नसताना आणावे, हे आम्हाला सुचलेच नाही. दुसरी चूक माझी. ढोल ऐकून तो कोठीमागे थरथर कापत होता. मला दया आली, म्हणून मी हात घालून त्याला मानेला धरून ओढले. तो माझ्या बोटाला चावला.

पिल्लाचे दुधाचे दात २८ असतात आणि ते सुईसारखे असतात. (मोठ्या कुत्र्याला ४२ असतात.) आजी तिखट आणायला धावली. जुनी माणसे जखमेत मिरची, चुना, हळद भरतात. आईने भरू दिली नाही. तिने नळाखाली साबणाने माझे बोट पंधरा मिनिटे धुतले आणि आबांनी सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "धुतले हे फार बरे केले." रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग एकदा सुरू झाला की माणूस वाचत नाही, म्हणून लस आधीच घ्यावी लागते. माझ्या दोन्ही दंडांत सुई टोचली आणि मग ३ ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी बोलावले. मी रडले. नंतर गुरुजींनी सांगितले की १८८५ सालच्या जुलैत लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली. तो ९ वर्षांचा, माझ्याहून लहान, आणि त्याला १३ वेळा टोचले. तो वाचला. मग मी माझ्या सुया मोजायचे सोडले.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "रविवारी हे परत पारोळ्याला." मी काही बोलले नाही, पण रात्री जेवले पण नाही. पण डॉक्टरांनी अजून एक सांगितले होते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, तो आजारी पडतो का ते पाहायचे. म्हणजे दहा दिवस त्याला कुठेच पाठवता येत नव्हते!

मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "त्याच्याकडे बघू नको, बोलवू नको. बाजूला तोंड करून खाली बस आणि आपले काम कर." आजी पण म्हणाली, "राहू दे त्याले. जवय भूक लागी तवय यी."

मग मी रोज शाळेतून आले की कोठीपासून तीन हात लांब बसायचे आणि मोठ्याने पाढे म्हणायचे. ताकात कुस्करलेली भाकरी मध्ये ठेवायचे. पहिले दोन दिवस तो सगळे झोपल्यावरच खायचा. तिसऱ्या दिवशी नाक बाहेर आले. मी चोरून पाहून काही गोष्टी शिकले. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, म्हणजे तो घाबरला आहे. जीभ सारखी नाकावर फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, तेही घाबरल्यामुळेच. डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला तर आपण मागे सरकायचे. गुरगुरला तर रागवायचे नाही, कारण तो चावण्याआधी सांगतो आहे. मी ओढले तेव्हाही तो गुरगुरला होता. मी ऐकले नव्हते.

नवव्या दिवशी मी सतराचा पाढा म्हणत होते. (तो मला येत नव्हता. आता पाठ आहे.) सतरा साते एकशे एकोणीस म्हटले आणि माझ्या पायाला काहीतरी ओले लागले. वाघ्याचे नाक! मी हलले नाही, पाढाही थांबवला नाही. मागे दारात आबा उभे होते. ते काही न बोलता निघून गेले आणि संध्याकाळी मळ्यातून रिकामे गोणपाट आणून कोठीजवळ अंथरले.

परवा वाघ्याला लस दिली. तो अजिबात ओरडला नाही. माझी शेवटची सुई याच आठवड्यात आहे. तो अजून छत्रीला भितो, मोटारसायकलला भितो, मळ्यात तर अजून नेलेच नाही. आबा म्हणतात, "डुकरे यंदा मका खाऊन घेतील, पुढच्या साली पाहू."

तुम्हाला त्याला पाहायचे असेल तर या. पण एका वेळी दोघांनीच या, आणि आल्यावर आधी खाली बसा.

— इयत्ता ४ थी