जिताड्याचे पैदाशी बीज व त्याचे खाद्य

खाडीकाठी जमीन असलेल्या शेतकऱ्यास जिताडा म्हणजे काय, हे सांगावयास नको. पेण-अलिबागकडील खारेपाटात भातखाचरालगतच्या तळ्यांत हा मासा वाढविण्याची चाल जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून बारीक पिल्ले धरून आणावयाची, तळ्यात सोडावयाची आणि पुढचे सर्व निसर्गावर सोपवावयाचे, अशी ती रीत. दिव्याच्या बाजूस, आगासन-म्हातार्डीच्या अंगाला, खार जमिनीचे जे तुकडे अद्याप घरांखाली गेलेले नाहीत, त्यांच्या मालकांस नजरेसमोर ठेवून आम्ही हा लेख लिहीत आहो.

खाडीतील बीजावर विसंबून राहणे आता या भागात शहाणपणाचे नाही. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी उल्हास नदीत उतरते. जे बीज हाती येते ते एका मापाचे नसते, आणि त्याच्याबरोबर इतर माशांची पिल्लेही तळ्यात शिरतात. सबब पैदास केंद्रातील बीज घेणे हाच मार्ग उरतो. असे बीज तयार करण्याची विद्या प्रथम थायलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात हस्तगत झाली. आपल्या देशात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्त टाक्यांतील जिताड्यांपासून पिल्ले मिळविली. पुढे तमिळनाडूतच राजीव गांधी जलजीवपालन केंद्रानेही हे काम हाती घेतले.

शेतकऱ्याने आपल्याच तळ्यात पैदास का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो खरा, परंतु अंडी घालण्यास त्याला नदीच्या मुखाजवळचे समुद्रासारखे खारे पाणी लागते. शिवाय तो प्रथम नर म्हणून वयात येतो व आणखी काही वर्षांनी तोच मादी होतो. इतकी वर्षे जोडी सांभाळणे हे शेततळ्याचे काम नव्हे.

अंड्यातून निघालेल्या पिल्लास प्रथम रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, व त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे मिठागरांच्या दाट खाऱ्या पाण्यात होणारे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, खाऊ घालतात. ही दोन्ही खाद्ये जिवंत असतात. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की त्यास हळूहळू निर्जीव खाद्यावर आणावे लागते, आणि पैदाशी बीजाची खरी किंमत येथेच आहे. खाडीतून धरलेले पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालते. मेलेला तुकडा समोरून गेला तरी त्याकडे पाहत नाही. शोभेच्या मँडरिन नावाच्या समुद्री माशाची अशीच गोष्ट आहे. प्रवाळातून धरून आणलेला मँडरिन काचपेटीत बहुधा उपाशी मरतो, तर टाकीत जन्मलेला गोठविलेले खाद्यही टिपतो. म्हणून बीज विकत घेताना पिल्ले निर्जीव खाद्य घेतात की नाही, हे विक्रेत्याकडून स्वतःसमोर खाऊ घालवून पाहावे. केवळ शब्दावर बीज उचलू नये.

आता मुख्य संकट. जिताडा आपल्याच भावंडांस खातो. स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश लांबीचे पिल्लू तो सगळे गिळू शकतो. पहिल्या दोन महिन्यांत हा उपद्रव सर्वांत अधिक असतो. हजार पिल्ले सोडून वर्षअखेरीस मूठभर मोठे मासे हाती येतात, तेव्हा लोक चोराला, बगळ्याला किंवा पाण्याला दोष देतात. पुष्कळदा चोर तळ्यातच असतो. यावर उपाय दोनच, वर्गवारी आणि वेळेवर पोटभर खाद्य, आणि एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

याकरिता पिल्ले एकदम तळ्यात सोडू नयेत. तळ्यातच बारीक जाळीचे हापे बांबूंना बांधून त्यांत ती वाढवावी. एक इंचाच्या आतबाहेरची पिल्ले चौरस मीटरला वीस ते पन्नास या प्रमाणात ठेवावी आणि दर पाच-सात दिवसांनी हापा उचलून मोठी, मध्यम व लहान अशी निराळी करावी. काम सकाळी थंड वेळी, ओल्या हातांनी करावे. एखादे पिल्लू इतरांहून ठळक मोठे दिसले तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी बाजूस काढावे. पिल्ले चार इंचांची होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, हा क्रम चालवावा.

खाद्य म्हणून बारीक, ताजी मासळी धुऊन, काटे काढून, पिल्लाच्या तोंडात मावेल इतकी चिरून द्यावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या एकूण वजनाइतके, दुसऱ्यात त्याच्या साठ टक्के आणि तिसऱ्यात चाळीस टक्के, असे रोजचे प्रमाण दोन वेळांत विभागून द्यावे. पिल्लांचे वजन पाव किलो भरले तर पहिल्या आठवड्यात रोज पाव किलो मासळी लागेल, असा हिशेब. वजन वाढत जाते, म्हणून ते दर आठवड्यास नव्याने करावे. मासा मोठा झाल्यावर रोज वजनाच्या दहा टक्के व पुढे पाच टक्के पुरते.

येथे एक गोष्ट विसरू नये. जिताडा वरच्या व मधल्या पाण्यात खातो. तळाशी बसलेला तुकडा तो उचलीत नाही. म्हणून घमेलेभर खाद्य एकदम ओतणे म्हणजे तळे नासवणे होय. रोज ठराविक वेळी, ठराविक जागी उभे राहून प्रथम बांबूने पाण्यावर आवाज करावा. थोड्याच दिवसांत मासे त्या आवाजास जमू लागतात. मग मूठमूठ टाकीत जावे व त्यांची झडप मंदावली की थांबावे.

एक किलो जिताडा तयार होण्यास सात ते दहा किलो मासळी खर्ची पडते, हे वाचून पुष्कळांचा उत्साह मावळेल. पैदाशी बीजास तरंगत्या गोळीखाद्याची सवय लावता येते व ते दीड-दोन किलोत तेच काम करते. मात्र त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने हवीत. रोहू-कटल्याचे स्वस्त खाद्य येथे चालत नाही. ज्यास दोन्ही परवडत नाहीत, त्याने आधी एक-दोन महिने तळ्यात टिलापिया वाढू द्यावा आणि मग हाताएवढी बोटुकली हेक्टरी तीन ते पाच हजार, म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्यास तीनशे ते पाचशे, सोडावी. टिलापियाची पिल्ले हेच मग जिताड्याचे खाद्य होते. लहान खातेदारास हीच पद्धत आम्ही अधिक सुचवू.

पाणी उघाडीतून घ्यावे ते उधाणाच्या भरतीचा माथा आल्यावर, बारीक जाळी लावून. ओहोटीचे पाणी कधी घेऊ नये. दिव्याच्या खाडीचे पाणी घेणाऱ्याने प्रथम एका घंगाळात ते भरून चार पिल्ले एक दिवस ठेवून पाहावी. तळ्यात निदान तीन फूट पाणी कायम असावे.

नवे तळे खणण्यापूर्वी दोन कायदे ध्यानात असू द्यावे. निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीस २००५ च्या किनारी जलजीवपालन प्राधिकरण कायद्याखाली नोंदणी लागते. आणि कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी कायम केली असल्याने, खाजणात तिवरे उभी असतील तेथे फावडे लावू नये. जुने बांधलेले खाचर त्याहून बरे.

चांगल्या निगराणीत वर्षभरात मासा पाऊण ते एक किलोचा होतो. या मुदतीत एक पावसाळा येणारच, आणि २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांस बांधाची उंची किती हवी हे ठाऊक आहे. ज्येष्ठ लागण्यापूर्वी बांधावर मातीचा थर चढवून त्याच्या माथ्यावर दोन हात उंचीची जाळी बांबूंना ताणून बांधावी, व उघाडीचे दार आतून-बाहेरून तपासून घ्यावे.